धोंड्याचा महिना

महिना किती दिवसांचा, हा प्रश्न आमच्या लहानपणी मुठीवर सुटत असे. मूठ वळायची आणि मोजत सुटायचं. बोट उंचवट्यावर आलं की एकतीस, खळगीत गेलं की तीस. फेब्रुवारीचं तेवढं वेगळं. तो घरातल्या अविवाहित काकासारखा. कुणाच्याच हिशेबात बसत नाही, पण सगळे सांभाळून घेतात. पुढे नोकरीची तेहेतीस वर्षं मी हिशेब खात्यात काढली. तिथे पगार महिन्याचा. घरी आलं तर दुधाचा रतीब महिन्याचा, पेपरचं बिल महिन्याचं, वाण्याची यादी महिन्याची. आमचा दूधवाला दुधात पाणी घालायचा. पण महिन्यातले दोन दिवस कधी काढून घेतले नाहीत त्याने. धंद्यालाही एक नीती असते.

असा माणूस मोबाइलच्या दुकानात जाऊन म्हणतो, "एक महिन्याचं रिचार्ज द्या."

"अठ्ठावीस दिवसांचं देऊ ना, काका?"

"महिन्याचं द्या."

"तेच ते. महिना म्हणजे अठ्ठावीस दिवस."

बाहेर ऑगस्ट महिना चालू होता. समोर दहीहंडीचा मांडव बांधत होते.

मी घरी येऊन पाठकोरा कागद घेतला. अठ्ठावीस गुणिले तेरा, तीनशे चौसष्ट. म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात रिचार्ज तेरा. आणि एवढं करूनही एक दिवस उरतोच. त्या दिवशी ग्राहकाने मौन पाळावं, असा कंपनीचा सद्हेतू असावा.

आता तेरावा महिना आपल्याला नवा नाही. पण पंचांगकर्त्यांकडे त्याला कारण आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं; हा अकरा दिवसांचा फरक साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. हाच आपला धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, तेहेतीस अनारसे मोजून द्यायचे, वर दिवा आणि ताट. सासऱ्याच्या खिशाला भोक पडतं, पण तीन वर्षांतून एकदाच. कंपनीचा धोंड्याचा महिना मात्र दरसाल येतो. त्यात जावई कंपनी आणि सासरे आपण. शिवाय या जावयाला मुलगी दिलेली नसते.

अठ्ठावीस हा आकडा आणला कुठून, हे मी बरंच शोधलं. चंद्राला सत्तावीस नक्षत्रांतून फिरून यायला सत्तावीस दिवस आणि काही तास लागतात. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. अठ्ठावीस कुठल्याच ग्रहाच्या खात्यावर जमा नाही. शेवटी भाच्याने खुलासा केला. "मामा, ते चार आठवडे आहेत. रिचार्ज नेहमी एकाच वारी येतं, सोयीचं पडतं." वार पाळायची एवढी हौस असेल तर कंपनीने सोळा सोमवार करावेत. तेही सोळाला संपतात आणि उद्यापन होतं.

ही तक्रार मी एकट्यानेच केली असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, यांनी हुकूम काढला, की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी रिचार्ज पुऱ्या तीस दिवसांचं ठेवावं आणि निदान एक असं, की जे दर महिन्याच्या त्याच तारखेला करावं लागेल. 'निदान एक' हे शब्द मी शाळेपासून ओळखून आहे. मास्तरांनी "निदान एक तरी गणित सोडवून आणा" असं सांगितल्यावर दोन सोडवून आणणारा मुलगा आमच्या वर्गात नव्हता. दुकानदाराला ते तीस दिवसांचं रिचार्ज शोधायला त्याच्या फोनवर बराच वेळ बोट फिरवावं लागलं. सापडल्यावर त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. वीस रुपयांच्या मिठाईच्या दुकानात शिरून कुणी पेढा सुट्टा मागावा, तसं.

याचा अर्थ पूर्वी सगळं सोन्याचं होतं असा नाही. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस आमच्याच पिढीने काढले आहेत. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे कंसात 'पी. पी.' असं लिहीत. ट्रंक कॉलच्या तीन जाती होत्या: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगचा आकार साध्याच्या आठपट, त्यामुळे मध्यमवर्गीय घरात लाइटनिंग कॉल म्हणजे कुणीतरी गेलं, हे रिसीव्हर उचलायच्या आधीच कळत असे. पण त्या गैरसोयीत लपवाछपवी नव्हती. फोन मिळणार नाही, असं खातं तोंडावर सांगायचं. आता सगळं मिळतं, आणि मग बारीक अक्षरात थोडं थोडं परत घेतात.

आपल्याकडचा पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकलं. एक मुख्यमंत्री आणि दुसरे केंद्रीय दूरसंचार मंत्री. बिलाची काळजी दोघांपैकी कुणालाच नसावी. कारण त्या काळात बोलणाऱ्याला पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही पडत. एकाच लग्नात दोन्ही पक्षांकडून हुंडा घेण्याची ही पद्धत २००३ सालच्या मे महिन्यात बंद झाली. तोवर आपल्या लोकांनी मिस्ड कॉल काढला. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघालो, कुकर लाव. या शोधाबद्दल कुणाचा सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही.

मग २००५-०६ च्या सुमारास 'लाइफटाइम' आलं. ९९९ रुपये एकदाच भरा, येणारे फोन जन्मभर घ्या. आमच्याकडे हिने लगेच विचारलं, "कुणाचा जन्म?" बायकांना हे प्रश्न वेळेवर सुचतात. बारीक अक्षरात उत्तर होतं: जन्म ग्राहकाचा नव्हे, कंपनीच्या परवान्याचा. पुढे २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी ठरवलं, की येणारे फोन घ्यायचे असतील तरी ठरावीक दिवसांनी काहीतरी भरत राहिलं पाहिजे. शब्दकोशातले शब्द तेच राहिले, अर्थांची बदली झाली. 'अमर्याद' इंटरनेट घ्या. रोजची दीड जी. बी. संपली की वेग असा उतरतो, की एक फोटो दिसेपर्यंत फोटोतलं बाळ चालायला लागेल. हे आमच्या खाणावळीत पाहिलेलं आहे. बोर्डावर 'पोटभर जेवण', पण चौथ्या पोळीनंतर वाढपी नाही म्हणत नाही. तो फक्त हळू चालतो.

बाजारात 'नाही' म्हणणं हे एके काळी ग्राहकाचं भूषण होतं. मंडईत भाव ऐकून दोन पावलं पुढे गेलं की मागून हाक यायची. आता फोनवर तिकीट काढायला बसलं की 'हो'चं बटण केवढं मोठं आणि हिरवंगार. 'नको' मात्र आजाऱ्यासारखं फिकट, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. ते चष्मा लावून शोधावं तर त्यावर लिहिलेलं असतं, "नको, मी धोका पत्करतो." विमा नको म्हणणाऱ्या माणसाला असं घालूनपाडून बोलायचं! या प्रकारालाही सरकारदरबारी नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' म्हणून फसवाफसवीच्या अशा तऱ्हांची यादीच जाहीर केली आणि त्या करू नयेत असं सांगितलं. न विचारता पिशवीत वस्तू टाकणं, 'शेवटची दोनच राहिली' अशी खोटी घाई करणं, सभासद करून घेताना दार सताड उघडं आणि बाहेर पडताना दारच सापडू नये असं करणं, वगैरे. तऱ्हा किती, तर तेरा. हा आकडा आमची पाठ सोडत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. कारण वर्षाला एक जादा रिचार्ज भरून माझं घर काही बुडत नाही. पण आत्याचं तसं नाही.

माझी आत्या संगमेश्वर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत, एका वाडीत राहते. वय शहाऐंशी, शिक्षण जुनी सातवी. फोन बटणांचा. ती फोन करत नाही; तिला फोन येतात. आमच्या कुळातल्या सगळ्या तिथी तिला पाठ आहेत, त्यामुळे पितृपक्षात तिची चौकशीची खिडकी दिवसभर उघडी असते. रिचार्ज भरायचं काम पुण्याच्या आतेभावाचं. दुकानदाराने त्याला "तीन महिन्यांचं" म्हणून दिलेलं रिचार्ज त्याने १ जुलै २०२४ ला भरलं आणि वहीत पुढची तारीख लिहिली, १ ऑक्टोबर. तो बँकेत होता. बँकेत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर म्हणजे ९२ दिवस. कंपनीत तीन महिने म्हणजे ८४. त्याच रिचार्जमध्ये आत्याला रोज दीड जी. बी. इंटरनेटही मिळत होतं. तीन महिन्यांचं १२६ जी. बी. झालं. जिच्या फोनला इंटरनेट लावायची सोयच नाही, तिने हे कुठे साठवावं? कणगीत?

तर २२ सप्टेंबरला मुदत संपली. आधी जाणारे फोन बंद झाले. ते तिच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. मग येणारेही बंद झाले. आजोबांची तिथी दशमी की द्वादशी, हे विचारायला मी फोन लावला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, की या नंबरवर संपर्क होऊ शकत नाही. संध्याकाळी तीच बाई. दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच. मुंबईची चुलतबहीण, बडोद्याचा भाऊ, सगळ्यांना तीच बाई भेटली. शहाऐंशीचं वय, एकटं घर, वर पाऊस. कुणी काही बोललं नाही, पण आतेभावाने गाडीत पेट्रोल भरून ठेवलं. पितृपक्षात पितरांशी संपर्क साधायला कावळा असतो; जिवंत आत्याशी साधायला कुणी नव्हतं.

अखेर वाडीतल्या वाण्याचा नंबर कुणाकडे तरी सापडला. त्याने मुलाला पिटाळलं. मुलाने स्वतःचा फोन आत्याच्या कानाला लावून दिला.

"दशमी रे," ती म्हणाली. "दरवर्षी विचारतोस."

"अगं, तुझा फोन बंद आहे!"

"बंद कुठला? चांगला दिवा लागतोय की." मग जरा थांबून म्हणाली, "तीन दिवस कुणाचाच आला नाही, तेव्हा म्हटलं, असतील आपापल्या व्यापात. नेहमी नेहमी कोण म्हातारीला फोन करणार?"

वाण्याचा मुलगा नंतर सांगत होता, फोन पुरता चार्ज करून तिने उशाशी ठेवला होता आणि अंघोळीला जातानाही दाराशी नेत होती. कंपनीने तिला कळवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. मुदत संपत असल्याचे नऊ संदेश आले होते. सगळे इंग्रजीत.

त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायने आणखी एक हुकूम काढला, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसतं बोलण्याचं आणि एस. एम. एस.चं रिचार्ज ठेवा, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. देशात माझ्या आत्यासारख्या पुष्कळ आत्या असणार, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं म्हणायचं. आतेभावाने नव्या वर्षात तसं रिचार्ज शोधून काढलं आणि आत्याला सांगितलं, आता वर्षाची काळजी मिटली.

"वर्षाचं भरलंस?" आत्या कळवळली. "अरे, तेवढी मी पुरायला नको का? उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतात का ते?"

ते परत देत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नाही. पण पंधरा दिवसांनी दुपारी माझा फोन वाजला. पडद्यावर आत्याचं नाव. तिने स्वतः फोन केल्याचं मला आठवत नाही, तेव्हा छातीत धस्स झालं.

"मी हिशेब करत्ये हो," पलीकडून खणखणीत आवाज आला. "अठ्ठावीस साली फेब्रुवारी एकोणतीसचा आहे. तुमच्या रिचार्जात एक दिवस कमी पडेल. आत्ताच सांगून ठेव त्या मेल्यांना."