यादीत नाव हवं

नगरसेवकाकडे माणूस गटाराची तक्रार घेऊन येतो आणि चहा संपेपर्यंत घराच्या प्रश्नावर पोचतो. मी २०१२ साली निवडून आले. मुंबई महापालिकेच्या २२७ जागांपैकी निम्म्या तेव्हा पहिल्यांदाच महिलांसाठी राखीव होत्या. सोडतीत पूर्व उपनगरातला आमचा वॉर्ड निघाला आणि महिला मंडळाचं काम करणारी मी ‘ताई’ झाले.

पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे यांसाठी वॉर्ड ऑफिसात जाऊन हक्काने मागे लागता येतं. घराचं तसं नाही. झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे, शहर भागातल्या उपकरप्राप्त चाळी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. दोन्ही यंत्रणा राज्य सरकारच्या. नगरसेवकाच्या हातात फार तर लेटरहेड. उपनगरातल्या पागडीच्या चाळींना तर तो उपकरही लागू नाही, म्हणजे म्हाडाची दुरुस्तीही नाही. मालक म्हणतो, या भाड्यात डागडुजी परवडत नाही. भाडेकरू म्हणतात, दुसऱ्याच्या इमारतीवर आम्ही का खर्च करायचा? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं आणि मधल्या मध्ये तुळया कुजत राहतात.

आमच्या वॉर्डातल्या अशाच एका दुमजली चाळीवर २०१५च्या पावसाळ्याआधी महापालिका कायद्याच्या कलम ३५४ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस लागली. मालकाच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याच्या लायकीची. रहिवाशांनी वर्गणी काढून दुसरा इंजिनीअर आणला. त्याच्या मते सी-२, दुरुस्ती करून वापरता येण्याजोगी. असे दोन अहवाल समोर आले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. तिथेही सी-१च ठरली.

त्या रात्री चाळीच्या चौकात बैठक बसली. जिन्याला टेकू लावलेले होते. वरच्या मजल्यावरून कुणी चाललं की प्लॅस्टरची भुकटी खाली बसलेल्यांच्या केसांवर पडत होती, आणि तीच माणसं मला सांगत होती, ‘‘ताई, चाळीला अजून दहा वर्षं काही होत नाही.’’ मी डॉकयार्ड रोडची आठवण काढली. २०१३च्या सप्टेंबरमध्ये तिथली पालिकेचीच इमारत पहाटे कोसळून ६१ जण गेले होते. चौक गप्प झाला. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘‘आम्हाला काय मरायची हौस आहे? पण बाहेर पडलो की मालक आत घेईल का, ते सांगा.’’

खरा प्रश्न तो होता. पागडीच्या खोलीत माणसाचा हक्क म्हणजे भाडेपावती आणि प्रत्यक्ष ताबा. खोलीला कुलूप लावून गावी जातानाही माणूस कुणाला तरी झोपायला ठेवतो. त्याला इमारतच सोड म्हणायचं, तर नुसत्या भीतीवर तो निघत नाही. आमच्यातले काही जण अशा वेळी शब्द देऊन टाकतात: मी बसलोय ना, तुमच्या घराची जबाबदारी माझी. टाळ्या पडतात. मला ते जमणार नव्हतं, कारण घर देण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हताच.

मात्र एक गोष्ट करता येत होती. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती. इमारत पाडण्याआधी पालिकेने प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि त्याच्या ताब्यातलं क्षेत्रफळ नोंदवायचं. इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही. मी चौकातच सांगितलं, आधी मोजणी करून घेऊ, सही-शिक्क्याची यादी हातात पडू दे, मग सामान हलवा. पण मोजणीला कुणी आडवं यायचं नाही.

मोजणीच्या दिवशी मी कनिष्ठ अभियंत्याबरोबर खोली-खोली फिरले. टेप भिंतीला लागली की घरोघर एकच वाद: मोरी धरली का? पोटमाळ्याचं काय? गॅलरीत पत्रे ठोकून केलेलं स्वयंपाकघर धरणार की नाही? कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी एकट्या राहत. टेप सरळ जावी म्हणून त्यांनी पाण्याचं पिंप स्वतः ओढून बाजूला केलं आणि अभियंत्याला म्हणाल्या, ‘‘साहेब, कपाटामागेपण भिंत आहे बरं का, तिथपर्यंत घ्या.’’ त्यांची पावती सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले, नवरा गेला, पावती बदलली नाही, कारण बदलायला मालक पैसे मागत होता. अभियंत्याने सासऱ्यांचं नाव लिहिलं. मी म्हटलं, राहणाऱ्याचंही लिहा. रेशनकार्ड, लाइट बिल, मतदार ओळखपत्र, सगळं समोर ठेवलं. शेवटी ‘ताबा’ या रकान्यात आजींचं नाव चढलं.

यादीच्या प्रती हातात आल्यावर चाळ रिकामी झाली. ते सोपं झालं असं नाही. कुणी दिव्याला गेलं, कुणी नालासोपाऱ्याला. मुलांच्या शाळा इथेच राहिल्या आणि लोकलचा प्रवास वाढला. भाडं ज्याचं त्याने भरलं. मला शिव्याही पडल्या: ताईंनी चाळ खाली करून मालकाचं फावू दिलं. पावसाळ्यात इमारत पाडली गेली.

२०१७च्या निवडणुकीसाठी वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या, आरक्षणाची सोडत पुन्हा निघाली आणि माझा वॉर्ड माझा राहिला नाही. पुढे मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. याच काळात मालकाने प्लॉट विकसकाला दिला. विकसकाच्या माणसाने पहिल्याच भेटीत ज्यांच्या नावावर पावती नाही त्यांना वेगळं काढलं. रहिवाशांनी यादी पुढे केली. आजी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या मुलीने त्या रकान्याच्या आधारावर दावा लावला आणि करारनाम्यात तिचं नाव आलं.

पुनर्विकासाला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. नगरसेवकाला मिळतात पाच, आणि सोडत कुठे फिरेल त्याचा नेम नाही. दरम्यान वॉर्ड ऑफिसातले साहेब बदलतात, मालक बदलतो, विकसकही बदलतो. म्हणून आता कुणी नवा निवडून आलेला सल्ला विचारायला आला, तर मी एवढंच सांगते: घराच्या बाबतीत शब्द देऊ नकोस. तू नसतानाही चालेल असा कागद लोकांच्या हातात दे, आणि तो लिहिला जात असताना स्वतः तिथे उभा राहा.