आठ हजार फुटांवरील मुक्काम

विमानाने दूरदेशी निघालेला आपल्याकडील प्रवासी तिकिटाचा दर, सामानाचे वजन, व्हिसाचे दस्तऐवज आणि आसनाची जागा यांविषयी महिना-महिना चौकशी करतो. परंतु ज्या देहाला हा सारा प्रवास सोसावयाचा असतो, त्याच्यासाठी कोणती तजवीज करावी, हा प्रश्न त्याच्या मनात बहुधा विमान आकाशात गेल्यावरच उद्भवतो. विमान-वैद्यक हे माझे कार्यक्षेत्र. आणि प्रवास आटोपून आलेल्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे की, कान दुखणे, पोट फुगणे, पाय सुजणे आणि झोप उडणे या ज्या पीडांना लोक प्रवासाचा अपरिहार्य भोग समजतात, त्यांपैकी बहुतेकांचे कारण ज्ञात आहे, आणि म्हणूनच त्यांचा बंदोबस्तही करता येण्याजोगा आहे.

जेट विमान ३५,००० फुटांच्या आसपास उडत असता बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव हिश्श्याइतकाच उरतो व तापमान शून्याखाली ५० अंशांहूनही खाली उतरते. अशा ठिकाणी मनुष्य जगणे अशक्य, म्हणून केबिनमध्ये यंत्राने हवा दाबून भरावी लागते. पण जमिनीवरचा पूर्ण दाब आत राखावयाचा तर विमानाचे कवच फार जाड व जड करावे लागेल, आणि प्रत्येक उड्डाणागणिक त्या कवचावर पडणारा ताणही वाढेल. हा ताण किती घातक ठरू शकतो, हे १९५४ साली जगाने पाहिले: कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने जानेवारी व एप्रिल या महिन्यांत भूमध्य समुद्रावर आकाशातच दुभंगली, आणि पुढे इंग्लंडात फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर दाबाची आवर्तने दिली असता, थकलेल्या धातूने कवच फाटते, हे सिद्ध झाले. या मर्यादांमुळे केबिनमधील हवा सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतकी विरळ ठेवण्यात येते. महाबळेश्वर साधारण ४,५०० फुटांवर, आणि महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई ५,४०० फुटांवर. म्हणजे मुंबईच्या धावपट्टीवरून निघालेला प्रवासी थोड्याच वेळात कळसूबाईच्याही वर जाऊन बसतो, आणि लंडन किंवा न्यूयॉर्क जवळ येईपर्यंत त्याचा मुक्काम तेथेच असतो.

याचा पुरावा ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल, त्याने पाण्याची अर्धी रिकामी प्लास्टिकची बाटली वर असताना झाकण घट्ट लावून आसनापुढील कप्प्यात ठेवावी आणि विमान उतरल्यावर ती हातात घ्यावी. तिच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेलेल्या दिसतील, आणि झाकण सैल करताच हवा सूं करीत आत शिरून बाटली पूर्ववत होईल. आठ हजार फुटांवर बंदिस्त हवा सुमारे एक-तृतीयांशाने प्रसरण पावते, आणि आतड्यांतील वायू या नियमाला अपवाद नाही. सबब प्रवासाच्या आदल्या दिवसापासून हरभरा, राजमा, कोबी व फसफसणारी पेये वर्ज्य करावीत, कमरेचे वस्त्र सैल असावे, आणि विमानात दोन घास कमीच घ्यावेत. हाच नियम काही प्रसंगी प्राणावर किंवा दृष्टीवर बेततो. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला असेल, तर तो पूर्ण विरून गेल्याचे शस्त्रवैद्याने सांगेपर्यंत विमानात पाऊल ठेवू नये. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यानेही विमान गाठण्यापूर्वी एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, कारण पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वरच्या विरळ हवेत बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो.

कानाची गोष्ट थोडी निराळी आहे. मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी जी अरुंद नलिका आहे, तिच्यातून विमान चढताना हवा आपोआप बाहेर निसटते. पण उतरताना ती आत घेण्यासाठी नलिकेचे तोंड स्नायूंच्या बळाने उघडावे लागते, आणि ते आवंढा गिळताना किंवा जांभई देतानाच उघडते. झोपेत माणूस क्वचितच आवंढा गिळतो. म्हणून विमान खाली येऊ लागल्याची सूचना होताच, म्हणजे धावपट्टीवर टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, जागे व्हावे, आणि तान्ह्या मुलाला त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटलीने दूध द्यावे. वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली आपल्या कर्णविषयक ग्रंथात सांगितलेली युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे: अंगठा व तर्जनी यांनी नाकपुड्या दाबाव्यात, तोंड मिटावे, आणि कानात हलकासा आवाज होईपर्यंत सावकाश फुंकावे. ही क्रिया वेदना सुरू होण्यापूर्वी व दर काही मिनिटांनी करावी. जोर लावू नये. सर्दीने नाक पुरते चोंदले असेल, तर प्रवास पुढे ढकलणे हेच शहाणपण.

पाय सुजण्याचा दोष मात्र उंचीपेक्षा बैठकीकडे अधिक जातो. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असता तळघरांत रात्रभर खुर्च्यांवर बसून राहिलेल्या माणसांना रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन मृत्यू आल्याचे कीथ सिम्प्सन या वैद्यांनी नोंदविले, आणि १९५४ साली अमेरिकेत जॉन होमन्स यांनी लांबच्या विमानप्रवासानंतर पायाच्या शिरांत गुठळी झाल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पोटरीचे स्नायू आखडले-सैलावले म्हणजे पायातील रक्त वर ढकलले जाते. ते निश्चल राहिले की रक्त साचते. म्हणून दर तासाला टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे वीस-पंचवीस वेळा करावे, आणि पट्ट्याची सूचना नसेल तेव्हा केबिनमध्ये एक फेरी मारावी. बसलेले असताना पट्टा बांधलेलाच असावा, कारण निरभ्र आकाशातही धक्के पूर्वसूचनेशिवाय येतात. केबिनमधील हवा अत्यंत कोरडी असते. तेव्हा मद्य टाळून थोडेथोडे पाणी पीत राहावे. बराच वेळ बसल्यावर एकदम उठूही नये, कारण भोवळ येऊन पडणे ही विमानातील सर्वांत नित्याची वैद्यकीय घटना आहे.

झोपेविषयी एवढेच सांगतो की, मुंबई व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते, आणि शरीराचे अंतस्थ घड्याळ दिवसाला साधारण तासाभराहून अधिक सरकत नाही. त्याला वळण लावणारी सर्वांत समर्थ शक्ती म्हणजे सूर्यप्रकाश. म्हणून पोहोचल्यावर दिवसा पडदे ओढून न झोपता बाहेर उजेडात हिंडावे.

माझ्या मनाला खरी चिंता वाटते ती आपल्या वृद्ध प्रवाशांची. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्या-नाशिकहून अमेरिकेला निघालेली आई डिंकाचे लाडू व मेतकूट यांची बांधाबांध आठवडाभर करते, आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत तळाशी टाकून ती बॅग काउंटरवर स्वाधीन करते. औषधे, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच असली पाहिजे. ज्यांना दमा, हृदयविकार किंवा तीव्र पांडुरोग आहे, त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन आधीच कमी असू शकतो, आणि केबिनमध्ये तो आणखी उतरतो. अशांसाठी विमान कंपन्यांकडे वैद्यकीय माहितीचा छापील अर्ज असतो, ऑक्सिजनची व चाकाच्या खुर्चीचीही तजवीज होते, पण तिच्यासाठी आगाऊ कळवावे लागते, आणि ती मागण्यात कमीपणा मुळीच नाही. परदेशातील मुले आई-वडिलांची तिकिटे प्रेमाने काढतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की, तारीख मुक्रर करण्यापूर्वी आई-वडिलांची डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी. जे आई-वडील आपल्यासाठी एवढी उंची चढून येतात, त्यांच्या प्रवासाची जबाबदारी तिकीट काढणाऱ्याने तिकिटाबरोबरच उचलली पाहिजे.