खालच्या पापणीचं उसनं



आमच्या मुरबाडच्या नणंदबाईंच्या वरच्या पापणीवर वर्षभर गाठ होती. सगळे तिला रांजणवाडीच म्हणत. शेक देऊन झाला, लवंग उगाळून लावली, एका दवाखान्यात दोनदा चिराही दिला. बसायची आणि त्याच जागी पुन्हा यायची. दुखायची मात्र नाही, आणि तिथले पापणीचे केस गळाले. शेवटी कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा.

वरच्या पापणीत अशा तीस-चाळीस बारीक ग्रंथी असतात. डोळ्यातला ओलावा सुकू नये म्हणून त्या तेल सोडतात. गोऱ्या लोकांच्या देशांत पापणीचा कॅन्सर बहुतेक वेळा उन्हाने होणारा, सावकाश वाढणारा, खालच्या पापणीवरचा असतो. आपल्याकडे हा तेलग्रंथींचा त्या मानाने बराच जास्त आढळतो, आणि तो रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो.

शहापूरला 'टाटाला नेलंय' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. परळचं ते हॉस्पिटल १९४१ पासून आहे. तिथून बरे होऊन आलेले कुणी मोजत नाही!

ताई म्हणाल्या, "बहात्तर झाली मला. डोळा काढून घेण्यापेक्षा सल्लेखना घेते."

घरात सगळे गप्प. माझं माहेर सांगलीकडचं, स्वाध्यायात रत्नकरंड श्रावकाचार ऐकतच मोठी झाले. मी म्हटलं, "ताई, समंतभद्र आचार्यांनी रोग सांगितलाय तो उपाय नसलेला. तुमच्यावर उपाय आहे. आणि डोळा काढणार असं डॉक्टर म्हणालेत कुठे?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कल्याणची एसटी किती वाजता गं?" मुरबाडला रेल्वे नाही, मुंबई गाठायची तर आधी कल्याण.

गाठ डोळ्याच्या खोबणीत शिरली असेल तरच अख्खा डोळा काढायची वेळ येते. ताईंची पापणीतच होती, तरी बरीचशी वरची पापणी गेली. गाठीभोवतीची चांगली दिसणारी कडही घेतात आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कडेला रोग नाही याची खात्री झाल्यावर मगच नवी पापणी करायला घेतात. हा रोग मधली जागा सोडून पलीकडेही उगवतो, म्हणून डोळ्यावरच्या पातळ पडद्याचेही ठिकठिकाणचे बारीक तुकडे घेतले. कानापुढे आणि मानेत गाठी आहेत का, तेही चाचपलं.

नवी पापणी खालच्या पापणीतून केली. खालची कड तशीच ठेवून तिच्याखालची पट्टी कडेच्या मागून वर ओढली आणि वर शिवली. पट्टीचं मूळ खालीच राहतं, रक्त तिथूनच मिळतं. वर रुजेपर्यंत सहा ते आठ आठवडे डोळा बंद. मग दुसरी छोटी शस्त्रक्रिया: पट्टी कापून डोळा उघडायचा, उरलेली खाली परत बसवायची. मी बी.कॉम.; मला हे उसनवारीच्या खात्यासारखं लगेच समजलं. मूळ न तोडता कातडी वळवायची ही युक्ती आपल्याकडची जुनीच. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका विटा करणाऱ्याने कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं होतं. १७९४ साली ते लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आलं.

ते दोन महिने ताई शहापूरला आमच्याकडेच होत्या. एका डोळ्याने अंतर कळत नाही, चहा कपाबाहेर पडायचा. चिडायच्या. मोठ्या अक्षरातलं पुस्तकही अर्ध्या तासात मिटून ठेवायच्या, मग मी वाचून दाखवायचे. सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. डॉक्टरांना आधीच सांगितलं, तर त्यांनी गोळ्यांच्या वेळा दिवसातच बसवून दिल्या. फक्त मलम रात्रीचं. त्यावर ताईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "मलम काही पोटात जात नाही."

डोळा उघडला तेव्हा पाणी फार येत होतं, उजेड सोसवत नव्हता. नव्या पापणीला केस नाहीत आणि ती जरा जाड दिसते. दिसतं मात्र पूर्वीसारखंच. दर काही महिन्यांनी तपासायला जावं लागतं. डॉक्टर आधी कानापुढे बोट फिरवून बघतात, मग पापणी उलटून. पुढची तारीख पर्युषणात येत होती. ताईंनी स्वतःच फोन करून ती आठ दिवस अलीकडे घेतली.