मंद आचेवरचं मोठ्याचं

चांगलं मांस म्हणजे कोवळं मांस, असं पुष्कळांना वाटतं. मला पिंढरीचं आवडतं. जन्मभर चाललेल्या पायाचं, निबर, पडद्यांनी विणलेलं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा पुण्याच्या कॅम्पात 'मोठ्याचं' म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. गडद लाल, मधून चंदेरी पडदे. ते घाईला दाद देत नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी शिजतं खरं, पण धागे सुटतात आणि रस्सा पाणचट राहतो.

म्हणून विजेचा स्लो कुकर. आधी कढईत तुकडे सगळ्या बाजूंनी खमंग परतून घ्यायचे. हे टाळू नये, कारण त्या मंद आचेवर पुढे रंग चढत नाही. तांबूस कांदा, आलं-लसूण, मिरं, दालचिनी, चमचाभर कांदा-लसूण मसाला. पाणी तुकडे जेमतेम बुडतील एवढंच, वाफ फारशी जातच नाही. मग सात-आठ तास झाकण उघडायचं नाही. सत्तर अंशांच्या पुढे ते चंदेरी पडदे सावकाश विरघळतात, आणि दाताखाली रबरासारखं आलं असतं तेच रश्शाला अंगचा दाटपणा देतं. चव घेताना ओठ एकमेकांना हलकेच चिकटले, की झालं.

पाला शेवटी. थंडीत मंडईत चाकवत आणि चुक्याच्या जुड्या येतात, त्याच घ्याव्यात. चाकवत बारीक चिरून अर्धा तास आधी, चुका त्याहून उशिरा. चुका बघता बघता विरतो, हिरव्याचा शेवाळी होतो आणि जड, तेलकट रस्सा एकदम जिभेवर हलका वाटू लागतो.

स्लो कुकरचं पेटंट अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना 1940 साली मिळालं. शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून लिथुआनियातल्या विल्ना शहरातल्या ज्यू बायका शुक्रवारीच कालवणाचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून येत. ती आठवण नॅक्सन यांना आईकडून कळली होती, त्यावरून हे भांडं सुचलं. कॅम्पातल्या लाल देवळात, 1867 सालच्या त्या सिनॅगॉगमध्ये, हाच शब्बाथ.

पण निबर मांसाला वेळ द्यायची विद्या इथं बाहेरून यायला नको होती. गावकुसाबाहेरच्या चुलींवर ती पिढ्यानपिढ्या होतीच. लिहिली गेली फार उशिरा. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी 2009 मध्ये पुस्तकात आणल्या. 2015 मध्ये शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. घरोघरी पुजल्या गेलेल्या पाककृतींच्या पुस्तकांत या रश्शाला पानभरही जागा मिळाली नाही, याचा मला अजून राग येतो.

वाढताना ज्वारीची भाकरी कुस्करून घ्यावी, नाहीतर कॅम्पातला कडक ब्रून पाव बुडवावा. भात नको. तो सगळा रस्सा पिऊन टाकतो, आणि इतक्या तासांची कमाई त्या रश्शातच असते.