पदरमोडीची पावती

आमच्या वाचनालयात अध्यक्षपदासाठी दर निवडणुकीला दोन-तीन नावं पुढे यायची. कोषाध्यक्षपदाचा विषय निघाला की मात्र सगळे खाली बघायचे. वर्षानुवर्षं ते काम एकाच गृहस्थांनी केलं. निवृत्त शिक्षक, व्यवहाराला चोख, संध्याकाळी टेबलाशी हजर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. प्रकृतीमुळे ते मुलाकडे राहायला गेले आणि मी पतपेढीत नोकरी केलेली म्हणून कोषाध्यक्षपद माझ्याकडे आलं.

तालुक्याच्या गावातलं हे ‘ब’ वर्गाचं वाचनालय. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि त्यानुसार परिरक्षण अनुदान मिळतं. ते हप्त्यांनी येतं आणि अनेकदा उशिरा येतं. ग्रंथपाल आणि शिपाई यांचे पगार, वीजबिल, वर्तमानपत्रांचं बिल मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. वाचकांची वर्गणी त्याला पुरत नाही. मग मधले महिने कसे निघत होते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी कधी विचारला नव्हता.

पहिली अडचण बँकेत आली. खात्यावरच्या सह्या बदलायच्या तर बँकेने शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा मागितला. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या 1950 च्या कायद्यानुसार विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. आमच्याकडे निवडणुका वेळेवर झाल्या होत्या, इतिवृत्तं लिहिलेली होती, पण कागद पुढे गेलाच नव्हता. सरकारदप्तरी आमचे विश्वस्त म्हणून जी नावं होती, त्यातले काही जण हयातही नव्हते. पैसे संस्थेचे, खातं संस्थेचं, तरी ते काढायला माणूस नाही, अशा अवस्थेत आम्ही बरेच दिवस काढले. जुन्या निवडणुकांची इतिवृत्तं, सभेच्या नोटिसा, नव्या सदस्यांची संमतिपत्रं गोळा करून एकेक रिपोर्ट मंजूर करून घ्यावा लागला.

ते काम चालू असताना मी काकांची रोजकीर्द वाचत होते. सुंदर अक्षर, खाडाखोड नाही. पण एक गोष्ट मला उमजेना. चार-पाच महिन्यांचे पगार एकदम, अनुदान जमा झालेल्या आठवड्यात टाकलेले. त्याच सुमाराला काकांच्या नावे एक मोठा चेक. हेच वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी उभं राहून विचारलं. “अनुदान आलं की लगेच कोषाध्यक्षांच्या नावाने चेक निघतो, हे काय आहे?” सभागृहात कुजबुज सुरू झाली. उत्तर कीर्दीत नव्हतं.

ते सापडलं ग्रंथपालांच्या वहीत. त्यांना पगार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळाला होता, रोख, आणि पुढे काकांची सही होती. काका आपल्या पेन्शनमधून दोघांचे पगार भागवत आणि अनुदान आलं की ती रक्कम परत घेत. अनुदान कमी आलं की फरक सोडून देत. मी फोन केला, तर म्हणाले, “अहो ताई, त्यात लिहायचं काय? संस्था आपलीच ना?”

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. या माणसाने पदरमोड करून संस्था चालवली आणि कागदावर मात्र संशय यावा अशा नोंदी मागे राहिल्या. वही पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवली. प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनी ती पानन् पान पाहिली, काकांना स्वतः फोन केला आणि विषय मिटला. तरी त्यांचा प्रश्न योग्यच होता, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. असा प्रश्न विचारणारा सभासद संस्थेचा हितचिंतक असतो.

आमच्या हिशेब तपासनिसांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. विश्वस्तांना संस्थेसाठी कर्जाऊ रक्कम घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हेतू कितीही चांगला असो, काकांनी केलं ती कायद्याच्या नजरेत उसनवारीच. म्हणून कार्यकारी मंडळाने ठराव केला, की कुणीही स्वतःच्या खिशातून पगार भागवायचा नाही. वर्गणीतून आणि देणग्यांमधून थोडी थोडी रक्कम बाजूला काढून पगारापुरता राखीव निधी उभा केला. कुणाला संस्थेसाठी पैसे घालायचेच असतील, तर ती देणगी. तिची पावती फाडायची, स्थळप्रत ठेवायची, कीर्दीत जमा धरायची.

मग एकेक गोष्ट सुटी होत गेली. वर्तमानपत्रांची रद्दी विकून येणाऱ्या पैशात बैठकीचा चहा व्हायचा. आता रद्दी जमेत आणि चहा खर्चात दिसतो. वर्गणी ऑनलाइन घ्यायला एका कार्यकर्त्याच्या मोबाइलचा क्यूआर कोड लावलेला होता. तो काढून संस्थेच्या खात्याचा लावला. दर महिन्याला एका पानावर जमा, खर्च, हातशिल्लक, बँकेतली शिल्लक आणि द्यायची बिलं लिहून ते पान वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळच्या फलकावर लावायला सुरुवात केली. 31 मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत तपासून घ्यायचे, हे कायद्याने बंधनकारकच आहे. पण ताळेबंद वर्षातून एकदा समोर येतो. त्या पानामुळे महिन्याचं चित्र महिन्यातच दिसतं.

लोक ते पान वाचतात. पावसाळ्यात ‘वीजबिल थकीत’ अशी ओळ दिसली, तेव्हा एका वाचक आजींनी न सांगता वर्षाची वर्गणी आगाऊ भरली. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मात्र वेगळ्याच कारणाने थांबला. बँकेची शिल्लक आणि आमची शिल्लक यात फरक का, असं त्याने विचारलं. न वटलेले चेक आणि बँकेचा मेळ त्याला समजावून सांगितला. पुढच्या महिन्यात तो मेळ त्यानेच घातला. आज तो सहकोषाध्यक्ष आहे.

त्यानेच मला सांगितलं, “ताई, मला वाटायचं हे काम घ्यायचं तर गाठीला पैसे हवेत.” आम्हाला वाटत होतं, नवी पिढी लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तयार नाही. खरं कारण वेगळंच होतं. कामाचा आकारच कुणाला दिसत नव्हता. काकांची पदरमोड कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून संस्था प्रत्यक्षात किती पैशात चालते, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या खुर्चीवर बसायचं म्हणजे किती वेळ, किती पैसे, किती बोलणी, याचा अंदाज नसताना पोटापाण्याच्या मागे असलेला माणूस हो म्हणणार कसा?

गावोगावच्या वाचनालयांत, भजनी मंडळांत, क्रीडा मंडळांत असे काका आहेत. त्यांच्यामुळेच या संस्था टिकल्या. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तुमच्या खिशातून संस्थेसाठी गेलेला प्रत्येक रुपया देणगी म्हणून लिहा आणि त्याची पावती घ्या. त्यात मोठेपणा मिरवणं नाही. संस्थेचा खरा खर्च त्याशिवाय कळत नाही, आणि तो कळल्याशिवाय तुमच्यानंतर काम हाती घेणारा माणूस मिळत नाही.