आजोबांचे नवे यंत्र

चिंचणी हे पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. किनाऱ्यावर सुरूची झाडे, आत शेते आणि वाड्या, आणि त्यांच्यामध्ये दाट वस्तीच्या जुन्या आळ्या. ह्या आळ्यांतून दुपारच्या शांत वेळी चालत गेले, म्हणजे एखाद्या ओटीवरून बारीक टकटक कानी येते. ती ठसे कोरणाऱ्यांच्या हातोडीची. चिंचणीपासून डहाणूपर्यंतच्या किनारी गावांत दागिन्यांचे पोलादी ठसे करण्याचा धंदा पुष्कळ वर्षे चालत आला आहे. ह्या ठशांना तिकडे ‘डाय’ असे म्हणतात. पोलादात जे खोल कोरावे ते सोन्याच्या पत्र्यावर उठून येते; म्हणून ह्या कारागिरांना सारे काही उलटे पाहण्याची सवय असते. इतरांना जेथे खळगा दिसतो, तेथे त्यांना फुलाची पाकळी दिसते.

अशाच एका ओटीवर एक आजोबा कामाला बसत. डोळ्याला भिंग, हातात छिन्नी आणि उजव्या मांडीजवळ एक लहानसा बटणांचा फोन, अशी त्यांची बैठक ठरलेली होती. हा फोन म्हणजे जिओफोन. 2017 साली तो दीड हजार रुपये अनामत घेऊन विकण्यात आला, तेव्हा देशातील पुष्कळशा साध्या घरांत प्रथमच इंटरनेट शिरले. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सअॅपही आले. आजोबांना त्यातले फार थोडे येत असे. पण जे येत असे ते पक्के येत असे. बटणांच्या जागा त्यांच्या बोटांना पाठ होत्या. छिन्नीवरची नजर न काढता ते डाव्या हाताने हवा तो क्रमांक लावीत.

2024 च्या पावसाळ्यात एके दिवशी त्यांची सातवीतली नात शाळेतून आली आणि तिने बातमी सांगितली. ह्या फोनवर आता व्हॉट्सअॅप नव्याने घेता येणार नाही, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचेही 2025 च्या आरंभी बंद पडणार.

“फोन तर चांगला चालतो आहे,” आजोबा म्हणाले. “मग बंद का पडणार?”

“फोन नाही बंद पडणार, आजोबा. त्याच्या आत जी कार्यप्रणाली आहे ना, तिच्यासाठी ते लोक आता काम करणार नाहीत. तिचे नाव कायओएस.”

“काय?”

“हो, काय.”

“अग, मी विचारतो आहे, काय?”

“आणि मी सांगते आहे, काय!”

दोघेही हसू लागली. परंतु हसणे ओसरल्यावर आजोबांनी फोन हातात घेतला आणि ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

त्यांच्या काळजीचे कारण निराळेच होते. त्यांचे थोरले बंधू मुंबईला झवेरी बाजाराच्या आसपास आयुष्यभर हाच धंदा करीत होते. लहानपणी आजोबांच्या हातात छिन्नी दिली ती त्यांनीच. अलीकडच्या काळात भेटी कमी झाल्या होत्या. तरी एखादी नक्षी अडली, की आजोबा तिचे छायाचित्र धाडीत आणि थोरल्यांचा बोललेला निरोप येई. त्यात कामाच्या गोष्टी असत, थोडे रागावणे असे, आणि शेवटी खोकला. वर्षापूर्वी थोरले बंधू वारले. त्यांचे एकवीस निरोप मात्र त्या बटणांच्या फोनमध्ये होते.

“हे नव्या फोनमध्ये जातील ना?” आजोबांनी विचारले.

नातीने चौकशी केली. उत्तर चांगले नव्हते. फोनमधली नावे आणि क्रमांक सिमकार्डावर उतरवून नव्या फोनमध्ये नेता येतात. परंतु ह्या प्रणालीवरील व्हॉट्सअॅपची संभाषणे दुसऱ्या प्रणालीकडे नेण्याची सोय नाही.

तिने ही अडचण एका उदाहरणाने समजावून सांगितली. 1955 साली ह्याच चिंचणीत जुने ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके 848 मधला, म्हणजे इसवी सन 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या काळातला आहे. हजार वर्षे तांब्यावरची अक्षरे टिकली. पण नुसती टिकून काय उपयोग? ती लिपी जाणणारे विद्वान होते, म्हणूनच ती वाचता आली. फोनचेही तसेच आहे. एका प्रणालीने आपल्या पद्धतीने जपलेले दुसरीला वाचता येईलच असे नाही. त्यासाठी कोणी तरी दुभाषा तयार करावा लागतो. येथे तो कोणी केलेला नव्हता.

आणि प्रणाली बंद पडण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हती. नोकियाच्या फोनांतील सिम्बियन एके काळी घरोघर होती, ती गेली. व्यापाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या आवडत्या ब्लॅकबेरीची जुनी सेवा 4 जानेवारी 2022 रोजी थांबली. मायक्रोसॉफ्टने काढलेली फोनची प्रणालीही टिकली नाही. ठसा झिजला तर कारागिराला दिसतो. परंतु फोनची काच चकचकीत असतानाच आतली प्रणाली म्हातारी झालेली असते. हे आजोबांना नवीन होते.

आता नवा फोन घेणे भाग होते. आणि तो आजोबांचा पहिलाच स्मार्टफोन होणार होता. ही वार्ता कळताच सल्ल्यांना भरती आली. शेजारी म्हणाले, कॅमेरा मोठा पाहा. बोईसरच्या कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणाला, फोनची स्मृती अधिक पाहा. थोरल्या बंधूंचा मुलगा मुंबईहून म्हणाला, “काका, माझा जुना आयफोन घ्या. मी नवा घेतो आहे. पैसे मुळीच द्यायचे नाहीत.”

पुतण्याचे प्रेम खरे होते, आणि देऊ केलेली वस्तूही उत्तम होती. त्यामुळे प्रश्न अधिकच अवघड झाला. नातीने वहीच्या पानावर दोन रकाने आखले. आज बहुतेक स्मार्टफोन दोन प्रणालींपैकी एकीवर चालतात. एक ॲपलची, ती 2007 साली पहिल्या आयफोनबरोबर आली आणि ॲपलच्याच फोनांत असते. दुसरी अँड्रॉइड, तिचा पहिला फोन 2008 साली बाजारात आला, आणि ती अनेक कंपन्यांच्या स्वस्त-महाग फोनांत असते. पहिलीत फोन आणि प्रणाली एकाच घरची असल्यामुळे दोघांचा मेळ चांगला बसतो. दुसरीत निवडीला वाव मोठा असतो. दोन्हींना चाहते आहेत, आणि दोन्हींना नावे ठेवणारेही आहेत.

आजोबांनी तो कागद वाचला आणि तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहू लागले. उलट्या बाजूने पाहण्याची त्यांची सवयच होती. नातीने फोनात काय काय आहे ते लिहिले होते. आजोबांनी आपल्याला काय काय लागते ते लिहिले. अक्षर मोठे दिसावे. मराठीत लिहिता यावे. नक्षीचे छायाचित्र स्वच्छ निघावे. बिघडला तर बोईसरला दुरुस्त व्हावा. प्रणालीची निगा पुढे किती वर्षे राखली जाणार, हे आधी कळावे. आणि शेवटची ओळ अशी होती: अडले तर घरात कोणाला तरी विचारता यावे.

ह्या शेवटच्या ओळीने अर्धा निकाल लागला. मुलाचा फोन अँड्रॉइडचा, सुनेचाही अँड्रॉइडचा, आणि शिकवायला बसणार ती नातही त्याच फोनांवर शिकलेली. शिवाय पुतण्याचा फोन चांगला असला तरी काही वर्षे वापरलेला; त्याच्या निगेची वर्षे तेवढी सरलेली. आजोबांनी पुतण्याला फोन केला. “तुझा फोन उत्तम आहे,” ते म्हणाले, “पण मला तो शिकवणारे येथे कोणी नाही. तू रागावू नकोस.” पुतण्या रागावला नाही, पण क्षणभर गप्प मात्र झाला. प्रेमाने पुढे केलेल्या वस्तूला नको म्हणणे हे विकत घेण्यापेक्षा कठीण असते.

पुढच्या रविवारी आजोबा आणि नात बोईसरच्या एका दुकानात गेली. दुकानदाराने पाच फोन काचेवर मांडले आणि तो त्यांचे गुण सांगू लागला. आजोबांनी ते आदराने ऐकून घेतले. मग त्यांनी एकेक फोन हातात तोलून पाहिला. नवी छिन्नी घेताना ते असेच करीत. “ह्यावर मला एक शब्द लिहू द्या,” ते म्हणाले.

तो शब्द होता ‘चिंचणी’. ह्रस्व वेलांटी, अनुस्वार, ण आणि दीर्घ वेलांटी, सारे त्या एका नावात येते. जो फोन आपल्या गावाचे नाव नीट लिहू देईल तो खरा, असा त्यांचा हिशेब होता.

परंतु येथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. आजोबांनी उजव्या हाताची तर्जनी काचेवर टेकवली. काच ढिम्म राहिली. पुन्हा टेकवली, तरी काही नाही. दुकानदाराला वाटले, फोन बिघडला. त्याने स्वतःचे बोट लावले, तो अक्षर तत्काळ उमटले. कारण असे, की ह्या काचेला दाब कळत नाही. तिच्यावर अतिशय सूक्ष्म विद्युत्‌भार पसरलेला असतो. बोटाच्या ओलसर त्वचेचा स्पर्श झाला की त्या भारात फरक पडतो आणि बोट कोठे टेकले ते यंत्राला कळते. आजोबांच्या बोटाला छिन्नीने घट्टा पडलेला होता. ती जाड, कोरडी त्वचा यंत्राच्या लेखी जणू बोटच नव्हती! पुढे बोटाच्या ठशाने फोन उघडण्याचा प्रयोग केला, तोही फसला. दुसऱ्यांसाठी हजारो ठसे कोरणाऱ्या माणसाच्या बोटावरचा स्वतःचा ठसा कामाने झिजून गेला होता.

नातीला एकदम वाईट वाटले. आजोबांना मात्र हसू आले. “ह्याला काम केलेला हात ओळखता येत नाही,” ते म्हणाले. आणि त्यांनी डाव्या हाताची अनामिका पुढे केली. तिला घट्टा नव्हता. काचेवर सावकाश ‘चिंचणी’ उमटले. एका फोनमध्ये स्पर्शाची संवेदना वाढविण्याची सोय निघाली. तो फोन आजोबांनी घेतला. तो दुकानातला सर्वांत महाग फोन नव्हता आणि सर्वांत स्वस्तही नव्हता. बोटाच्या ठशाऐवजी त्यांनी आकड्यांचे कुलूप घातले. ते आकडे त्यांनी नातीलाही सांगितले नाहीत. “शिकेन तुझ्याकडून,” ते म्हणाले, “पण किल्ली माझ्याकडे राहू दे.” नातीला हे फार आवडले.

आता राहिले ते एकवीस निरोप. त्यांचा उपाय नातीनेच शोधला. “जुना फोन बोलेल,” ती म्हणाली, “आणि नवा फोन ऐकेल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, आळीत जाग येण्यापूर्वी, दोघे मागच्या खोलीत बसली. दारे लावली, पंखा बंद केला. पहिला प्रयत्न वाया गेला. दोन्ही फोन अगदी जवळ ठेवल्यामुळे आवाज फाटला. मग वीतभर अंतर ठेवले. थोरल्यांचा आवाज खोलीत उमटू लागला.

“पाकळीची कड एका दमात ओढू नकोस. घाई कोणाला आहे?” एक निरोप संपला. “पोलादाला पाणी देताना घड्याळ पाहतोस काय? रंग पाहा, रंग. डोळ्यांनी पाहा.” दुसरा संपला. मग खोकला. मध्येच बाहेर कोंबडा आरवला. तोही आत गेला. नातीने पुन्हा घेऊ का, असे खुणेने विचारले. आजोबांनी मान हलवून नको म्हटले. चिंचणीचा कोंबडा आणि मुंबईचे बंधू आता कायमचे एकत्र आले होते.

उजाडेपर्यंत एकवीसही निरोप उतरले. नंतर नाती-आजोबांनी नावांची यादी तपासली. बंद झालेली दुकाने गाळली, दोनदा आलेली नावे एकदाच ठेवली. थोरल्या बंधूंचे नाव आले तेव्हा नातीने बोट थांबवले. “राहू दे,” आजोबा म्हणाले. ती पुढे गेली.

नव्या फोनवरून पहिला निरोप कोणाला धाडावा? आजोबांनी पोलादाला पाणी देण्याविषयीचा तो आवाज निवडला आणि पुतण्याला धाडला. तो आता वडिलांच्याच जागी बसून ठसे कोरीत होता. दुपारपर्यंत उत्तर आले नाही. संध्याकाळी आले. “काका, बाबांनी ही गोष्ट मला कधी सांगितलीच नव्हती. आणखी आहेत का?”

आजोबांनी जुना फोन फडक्यात गुंडाळला आणि झिजलेल्या छिन्न्यांच्या पेटीत ठेवून दिला. मग ते ओटीवर येऊन बसले, आणि डाव्या हाताच्या अनामिकेने उत्तर लिहू लागले. एक वेलांटी चुकली, ती त्यांनी पुसली. अनुस्वार राहिला, तो दिला. चांगला पाव तास गेला. नात शेजारी बसली होती, पण तिने मदत केली नाही. अखेर उत्तर गेले. त्यात शब्द तीनच होते: “आहेत. चिंचणीला ये.”