कळीच्या चुन्यास अनावृत पत्र

प्रिय कळीच्या चुन्या,

कोकणातल्या एखाद्या जुन्या तटबंदीच्या दरजा सिमेंटने भरलेल्या दिसल्या की तुझी बाजू कुणीतरी मांडायला हवी, असं वाटतं. म्हणून हे पत्र.

भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला पोहोचली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून तू उरतोस ५६ किलो. बाकीचे ४४ किलो वायू होऊन उडतात. कोकणात तर शिंपले भाजूनही तुला काढत, रसायन तेच. आच कमी पडली तर खड्याचा गाभा कच्चा राहतो, जास्त झाली तर तू पाण्याला लवकर दाद देत नाहीस.

पाण्यात पडलास की आधी चरचरतोस, मग तडकतोस, फुगतोस, वाफा सोडतोस आणि शेवटी पांढऱ्या, लोण्यासारख्या लगद्यात विरतोस. उष्णता एवढी की पाणी उकळू लागतं. जाणता गवंडी म्हणूनच तुला थोडा थोडा पाण्यात सोडतो आणि डोळे जपतो. पण खरी कसोटी पुढे आहे. न विरलेले कण गिलाव्यात गेले, तर ते भिंतीतच ओल धरून फुगतात आणि खपल्या उडवतात. त्यासाठी तुला पाण्याखाली आठवडेच्या आठवडे मुरवायचं, मग वाळूबरोबर दगडी घाण्यात मळायचं. गडांवर आजही दिसणारे घाण्याचे गोल चर आणि दगडी चाकं त्याच कामाची.

भिंतीत बसल्यावर तू हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतोस आणि पुन्हा चुनखडी होतोस. भट्टीच्या इंधनाचा धूर काही तू परत घेत नाहीस. पण दगडातून गेलेलं बरंचसं भरून काढतोस. शिवाय ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतोस. कडक सिमेंट ती वाट बुजवतं. मग ओल जांभ्यातून, विटेतून बाहेर पडू पाहते आणि दरज शाबूत राहून दगडच झिजतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गडांच्या डागडुजीच्या निविदेत नुसतं तुझं नाव असून भागणार नाही. तुला मुरायला लागणारे आठवडे आणि भिंतीत घट्ट व्हायला लागणारे महिने कामाच्या वेळापत्रकातच लिहिलेले हवेत. ज्या भिंती शतकांसाठी राखायच्या, त्यांच्यासाठी एवढा वेळ जास्त नाही.

तुझा,
एक गडप्रेमी